आमच्या घराण्याचे तळहात

ज्याने जन्मात तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडाला लावला नाही, त्याच्या अन्ननलिकेत गाठ निघाली, तर तुम्ही आधी काय विचाराल? आमच्या वस्तीने विचारलं, "चोरून खात असन का गा?" माझे बाबा वाडीच्या गोदामांत पोती उचलत म्हातारे झाले. जयंतीच्या स्टॉलवरून पुस्तिका आणायचे, मला वाचायला लावायचे आणि त्यातलं व्यसनमुक्तीचं पान आधी स्वतः पाळायचे. अशा माणसाला पातळ वरणही गिळवेना. मला भयंकर संताप यायचा आणि तो पार विहारातल्या वंदनेपर्यंत पोचला होता. शील पाळणाऱ्याच्याच वाट्याला हे येणार असेल, तर हात जोडायचे कशाला? ओठ वंदना म्हणायचे, मन मूठ आवळून बसायचं.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि आत्या थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. डॉक्टर मॅडमनी आधीच समजावलं होतं : अन्ननलिकेचा खराब भाग काढायचा, जठर वर ओढून त्याचीच नवी नळी करायची. जोड टिकला तर माणूस जेवेल. टिकला नाही तर काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. मी पुस्तिका उघडून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

तेवढ्यात खाप्याहून आलेली एक बाई गूळ-फुटाण्यांचा प्रसाद वाटत आमच्यापर्यंत आली. तिचा नवरा त्याच मजल्यावर भरती होता. आत्याने ओंजळ पुढे केली. मी हात मागे घेतला.

"आम्ही प्रसाद घेत नाही, मावशी."

"भांडण हाये काय माह्या देवाशी? बरं, नको घेऊ परसाद. फुटाणे त खाशीन? तोंड पाहा कसं सुकलं!" असं म्हणत तिने माझा हात ओढला, बोटं उघडली आणि जाड, राठ तळवा पाहून थबकली. "आवो, हे काय वं? हात हाये का पायताण?"

आत्या हसली. "आमच्या घरात सगळ्याइचेच असे. बापाचे होते, भावाचे हायेत, माहे बी पाहा. कष्टाचे हात हायेत, बाई."

"तुमचं समजलं. पण या पोरीनं कोणतं पोतं उचललं वं? सकाळपासून पुस्तकच त वाचून राहिली!"

ती हसत पुढच्या बाकाकडे गेली. माझ्या अंगावर मात्र काटा आला. बाबांच्या राठ हातांबद्दल मी पत्रकं लिहिली होती, कष्टाची निशाणी म्हणून ते हात सभेत मिरवले होते. माझ्या हाताला कसले कष्ट? आणि आजोबा? तेही घास अडकून अडकूनच गेले होते. मी आत्याला विचारलं, "तुझा अडकतो का घास?"

"कोरडी भाकर असली का घासागणिक पाणी लागते. त्यात काय एवढं?"

दुपार कलल्यावर मॅडम बाहेर आल्या. गाठ निघाली होती, बाबा श्वास घेत होते. मी रडत रडतच तळहात त्यांच्यापुढे धरले. क्षणभर त्यांना उमगलं नाही. मग त्यांनी मला खिडकीशी नेलं, आत्याला चप्पल काढायला लावली आणि आमचे तळपाय दाबून पाहिले. आजोबांबद्दल विचारलं. म्हणाल्या, "असे जाड तळहात-तळपाय आणि अन्ननलिकेची गाठ एकाच दोषातून येण्याचा प्रकार फार क्वचित दिसतो. ही गाठ तुमच्या घराण्याच्या रक्तातून आलेली असू शकते. तपासावं लागेल."

आम्हा तिघांचं रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं. आत्या दुर्बिणीच्या तपासणीला तयार होईना. "दुखत नाही, खुपत नाही, अन् नळी कशाले घालू?" मी तिच्याशी भांडले, अबोला धरला, शेवटी पाया पडले. तेव्हा कुठे ती आली. तिच्या अन्ननलिकेत एक लहानसा डाग निघाला, अगदी वरवरचा. छाती न उघडता दुर्बिणीतूनच काढता आला. अहवाल आला तेव्हा तिघांच्याही जनुकात एकच बिघाड होता. मलाही आता दरवर्षी तपासून घ्यायचं आहे. बाबा थोडं थोडं, दिवसातून अनेकदा जेवतात.

त्या मावशीला मी नंतर मजलाभर शोधलं. नवऱ्याला दवाखान्यातून सुट्टी मिळून ती गावी गेली होती. याला चमत्कार म्हणा असं मी सांगणार नाही; ते माझ्या तत्त्वात बसत नाही. पण वंदनेला बसले की तिचा हात आठवतो आणि डोळे भरून येतात. शरण जाणं म्हणजे हार मानणं, असं मला वाटायचं. त्या दिवशी कुणीतरी माझी मूठ बळेच उघडली आणि माझी आत्या वाचली. आता मी हात जोडते, तेव्हा भांडत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज जेवताना ताटावरून नजर उचला आणि सगळ्यांकडे बघा. ज्याला घासागणिक पाणी लागतंय, त्याला उद्या दवाखान्यात घेऊन जा. तो म्हणेल, मला काही झालेलं नाही. ऐकू नका.