दुपारचा पहारा

आमच्या गावात सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. दोन-दोन तासांचा पहारा. एकानं गळ्यातून काढायची, दुसऱ्यानं तिथंच गळ्यात घालायची आणि उभं राहून नाम घेत राहायचं. माझ्या आजोबांच्या काळापासून ती एकदाही जमिनीला टेकलेली नाही. बोरीच्या बाजारात कुणी विचारो न विचारो, मी हे सांगतोच. घरचे म्हणतात, नका सांगू, लोकं चहा अर्धा टाकून उठायलेत.

पण खरं हाय ते. गावात दोन पार्ट्या. एकीचा माणूस दुसरीच्या बांधावरून जात नाही, मयतीला आला तरी लांब उभा राहतो. वीणा मात्र एकमेकांच्या गळ्यात घालतात, पायाही पडतात. शेवटच्या दिवशी काल्याची पंगत उठली की पुन्हा आपापल्या शिव्या.

पहाऱ्यांची यादी मी करतो. रीतीभातीचा मामला आला की गावाला मी लागतो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते लय आवडतं. मागच्या साली पारावर यादी करत बसलो होतो, तिथं आक्का आली. आक्का म्हणजे सप्ताहात मंडप झाडणारी, सडा टाकणारी बाई. घरची शेरडं-मेंढरं, उरलेल्या वेळात लोकांच्या शेतात खुरपण. माझ्याच वयाची, पण सारा गाव तिला आक्काच म्हणतो. तिनं एक पहारा मागितला. बारा ते दोनचा द्या म्हणाली, उन्हाचा तो तसाही कुणाला नको असतो. मी तिला भर पारावर समजावून सांगितलं की बायांनी वीणा घ्यायची आपल्याकडं रीत नाही, आणि रीत मोडणारे आपण कोण? समजावून म्हणजे आवाज चढवून. ती बरं म्हणाली आणि झाडायला निघून गेली. मला वाटलं, धर्म वाचला.

यंदा बारा ते दोनचा पहारा कुणी घेईना, म्हणून तो माझ्याच नावावर आला. माझं वय अडुसष्ट, अंगात साखर, त्यात बीपीची गोळी अशी की तासाला उठावं लागतं. त्यातल्याच एका दिवशी नेते येणार होते. फ्लेक्सवर विठोबा वीतभर आणि नेते पुरुषभर. दीडच्या सुमारास फोन आला की गाड्या फाट्यावर आल्यात. झालं. टाळकरी गेले, मृदंगवाला गेला, आचारीसुद्धा गेले. दोनला माझ्याकडून वीणा घेणारा तर हार घेऊन सगळ्यांच्या पुढं पळाला.

दोन वाजले. सव्वादोन झाले. अडीच झाले. तोंडानं नाम चालू होतं, मन कुठं होतं ते सांगायची गरज नाही. वीणा खाली ठेवावी तर तीन पिढ्यांची रीत बुडते, न ठेवावी तर देवासमोर, या वयात, धोतर भिजतं. फाट्यावर फटाके वाजत होते आणि इकडं मला रडू यायची वेळ आली होती.

मंडपात एकटी आक्का उरली होती, पत्रावळ्या गोळा करत. तिनं माझ्याकडं बघितलं. नातवंडं सांभाळलेली बाई, तिला काही सांगावं लागलं नाही. नळावर हातपाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि समोर येऊन उभी राहिली. मागितलं काहीच नाही. मीच वीणा काढली आणि तिच्या गळ्यात घातली. रीतीप्रमाणं ती माझ्या पाया पडली. मीही वाकलो, पण लय वाकायची सोय नव्हती. तसाच पळालो.

परत आलो तर मंडप भरलेला. आक्का डोळे मिटून नाम घेत होती. आवाज माझ्यापेक्षा बरा, हे कबूल करतो. आत येणाऱ्यानं विणेकऱ्याच्या पाया पडायचं असतं, म्हणून नेते तिच्या पायांवर डोकं ठेवून होते, आणि फोटो नीट येईपर्यंत त्यांनी ते उचललं नाही. मग माईक घेऊन म्हणाले की बाईला एवढा मान देणारं गाव मी उभ्या जिल्ह्यात पाहिलं नाही. दोन्ही पार्ट्यांनी एकमेकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. सरपंचानं माईक माझ्या हातात दिला. रीतीचं तुमीच सांगा म्हणाला.

खरं सांगायचं तर लघवीचं सांगावं लागलं असतं. मी खाकरलो.

"ही आपल्या गावाची लय जुनी रीत हाय," मी म्हणालो. "दुपारचा एक पहारा बाईचा."

कुणी शंका घेतली नाही. मी सांगतोय म्हणजे जुनीच असणार. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, एकानं तर आपल्या आजीला असा पहारा देताना स्वतः पाहिल्याचं सांगितलं. पाठोपाठ टाळ्या पडल्या.

माईक देऊन मी आक्कापुढं गेलो आणि वीणा घ्यायला हात पुढं केले. तिनं डोळे उघडले. तारेवरचं बोट चालूच ठेवून, फक्त मला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "दादा, जुनी रीत होती, तर मागच्या साली मला सगळ्यांदेखत का हाकललंत?"

मला मान वर करता येईना. मागं लोक अजून टाळ्या वाजवत होते.