साडूची पेटी

टकटके हे त्यांचं आडनाव नव्हे. दिसेल त्या वस्तूवर बोटाचं पेर आपटून बघायची त्यांना सवय, म्हणून गल्लीनं ठेवलेलं ते नाव. दार असो, कपाट असो, कुणाच्या घरचा नवा पलंग असो, हे आधी टकटक करणार, मान तिरकी करणार आणि मग "पोकळ आहे" किंवा "भरीव आहे" असा निकाल देणार. एकदा डॉक्टर त्यांची छाती ठोकून बघत होते, तर यांनी डॉक्टरांनाच सांगितलं, "जरा डावीकडे ठोका, तिथं घुमतंय."

तीस वर्षं ते स्पीकर दुरुस्त करत होते. फाटलेला कागदी कोन बदलायचा, जळलेली कॉइल नव्यानं गुंडाळायची, चिकटवायची, वाळवायची. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की यांना खुर्ची मागे सरकवावी लागे. पोट दुकानावर चाले, पण जीव होता तो घरी बनवलेल्या पेट्यांत. आजवर चौदा पेट्या झाल्या होत्या. काही कमरेइतक्या उंच, प्रत्येकीत तीन-तीन स्पीकर, जाडे आवाज एकाचे, मधले दुसऱ्याचे, बारीक तिसऱ्याचे.

पेटी तयार झाली की पहिल्यांदा ऐकायची बायकोनं, हा घरचा शिरस्ता. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसे, हातात विणकाम असे. हे मागे हात बांधून उभे. एक गाणं संपलं की विचारत, "कसं आहे?"

"बरं आहे," ती म्हणे, आणि सुया पुन्हा चालू.

चौदा वेळा "बरं आहे". बाईजवळ याहून मोठा शब्दच नाही, अशी टकटक्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. त्यामुळे त्यांना झोप छान लागे.

ती झोप उडवली साडूनं.

साडू म्हणजे मेहुणीचा नवरा, ग्रंथालयात कारकून. पुस्तकांवर शिक्के मारण्यात हयात गेलेला, हळू बोलणारा, हळू चालणारा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्न विचारणारा माणूस. त्याच्या हातात पक्कड शोभली नसती. पण त्या रविवारी दोघं चहाला गेले, तर कपाटावर बुटाच्या खोक्यापेक्षा जरा मोठी एक लाकडी पेटी, आणि तिच्या तोंडाशी एकच चार इंची स्पीकर. तोही जुन्या टीव्हीतून काढलेला.

"एकच?" टकटक्यांनी हसू दाबत विचारलं.

"एकच, दादा. सगळे आवाज त्यातूनच येतात. चालेल ना असं?"

पोराटोरांच्या खेळण्याला काय नावं ठेवायची! साडूनं गाणं लावलं. एक बाई गात होती, मागे फक्त एक तंबोरा. टकटक्यांनी पहिल्या ओळीलाच कान टवकारले, पण त्यांचं लक्ष गेलं बायकोकडे. तिनं उचललेला कप ओठांपर्यंत पोचलाच नव्हता. गाणं संपेपर्यंत तो तसाच हवेत राहिला. मग तिनं तो हळूच बशीत ठेवला आणि म्हणाली, "ती इथं येऊन बसली होती. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला मला."

एवढी दोन वाक्यं! टकटक्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षांत चौदा पेट्यांना मिळून जेवढं कौतुक मिळालं नव्हतं, तेवढं त्या टीव्हीचं उरलंसुरलं खाऊन जगलेल्या डबड्याला एका गाण्यात मिळालं. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, घ्या ना अजून चहा." त्यांना तो घोट कडू लागला. घरी येताना रस्ताभर ते तोंड फुगवून चालले. बायको दोनदा त्यांच्या तोंडाकडे बघून गप्प राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. कारकुनाला जमतं ते आपल्याला जमत नाही म्हणजे काय! बाजार पालथा घालून त्यांनी चार छोटे स्पीकर आणले. प्लॅस्टिकच्या कोनाचा एक दिसायला देखणा, पण बाईचा आवाज त्यातून सर्दी झाल्यासारखा आला. एकाची रबरी कड इतकी जाड की कोन हलायलाच कुरकुर करी. एकाचं चुंबक नाण्याएवढं, ते त्यांनी बघताक्षणी बाजूला टाकलं. शेवटी राहिला पातळ कागदाचा, कापडी कडेचा, मधोमध दुसरा चिमुकला कोन असलेला. त्या चिमुकल्या कोनातून बारीक आवाज सुटे मोकळे होतात, हे त्यांना पाठ होतं. चुंबक दणकट. साडूच्या पेटीचं माप त्यांनी त्या रविवारीच उठता उठता वितीनं घेऊन ठेवलं होतं. कबूल कोण करणार!

प्लायवूडची पेटी झाली, फटी बुजवल्या, टकटक करून बघितलं. बायको खुर्चीत बसली. गाणाऱ्या बाईनं पिंपात बसून गावं तसा आवाज आला. टकटक्यांना तो कळला. तरी त्यांनी विचारलं.

"बरं आहे," ती म्हणाली.

त्यांनी पेटी मोठी केली, मग लहान केली, मग पाठीला भोक पाडलं. पिंप काही जाईना. तीन आठवडे जेवणावर लक्ष नाही, गिऱ्हाइकांवर डाफरणं, आणि मनात सारखा तो हवेत थांबलेला कप. साडूचा त्यांना इतका राग येई, की ग्रंथालयावरून जायचा रस्ता त्यांनी सोडून दिला.

आणि एका सकाळी साडूच दुकानात हजर. काखेत पेटी.

"दादा, आवाज येतो न् जातो. तार सुटली असेल का? मी उघडणार होतो, पण म्हटलं, तुमच्या हाताखालून गेलेली बरी. शनिवारी येऊ?"

"ये," टकटके म्हणाले.

साडू गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. कोनातून स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं असतं तर काम संपलं असतं, आणि तसं वाटलंही त्यांना, खोटं का सांगा. पण हात धजला नाही. तीस वर्षं फाटके कोन सांधणारा हात तो. त्यांनी चार स्क्रू काढले. स्पीकर बाहेर आला. चुंबक नाण्याएवढं! त्यांनी बघताक्षणी बाजूला टाकलं होतं तसलंच. पेटी म्हणजे जुन्या कपाटाचा खण. मग गाणं कुठून येत होतं?

त्यांनी आत हात घातला आणि हाताला लोकर लागली.

राखाडी लोकर. तीन भिंतींना बेतून लावलेली, कोपऱ्यांत दुमडलेली, बारीक टाक्यांनी शिवलेली. त्यांनी ती उजेडात ओढली. कडेला उलट्या वेणीची वीण होती. तो त्यांचा स्वेटर होता. दुकान उघडलं त्या थंडीत बायकोनं दोन महिने खपून विणलेला. एक दिवस घातला त्यांनी. गिऱ्हाइकांसमोर खाजवत "टोचतो" म्हणाले आणि दुकानात खिळ्याला अडकवला. मग तो रेडिओखाली ओरखडे पडू नयेत म्हणून अंथरला जाऊ लागला. पुढं त्याचं काय झालं, त्यांनी कधी विचार केला नव्हता. पण टाके त्यांना ओळखू आले. ते मेहुणीचे नव्हते.

आधी हेवा पेटीचा होता. आता तो काळजाला लागला. माझा स्वेटर, माझ्या बायकोचा हात, आणि गाणं त्याच्या घरात!

सुटलेली तार त्यांनी जोडली. मग स्वेटर काढून घेतला, जुन्या उशीतला कापूस साडूच्या पेटीत ठोसून भरला आणि स्क्रू आवळले. लोकर काय नि कापूस काय, एकच, असं ते मोठ्यानं म्हणाले. दुकानात ऐकायला कुणी नव्हतं.

दुपारी साडूची पेटी आणि स्वेटर घेऊन ते घरी आले. स्वत:च्या पेटीत स्वेटर बसवला, बायकोला खुर्चीत बसवलं आणि गाणं लावलं. पहिल्या ओळीला पिंप गेलं. गाणारी बाई खोलीत आली, खिडकीशी बसली, श्वास घेऊन पुढची ओळ म्हणू लागली. बायकोच्या सुया थांबल्या. जिंकलो, असं टकटक्यांना वाटलं.

"कसं आहे?"

ती गाणं संपेपर्यंत थांबली. "छान आहे," म्हणाली. मग तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. "त्याच्या पेटीत काय घातलंत?"

टकटक्यांनी साडूच्या पेटीवर उगाच एकदा टकटक केलं.

"कापूस."

"लावा ती."

त्यांनी लावली. तीच बाई तोंडात घास घेऊन गात होती. बायकोनं एक ओळ ऐकली आणि हातानंच बंद करा म्हणून सांगितलं.

"माझा स्वेटर होता तो," टकटके उसळून म्हणाले. "मला न विचारता दिलास त्याला!"

"तुमचा? तीन वर्षांपूर्वी दुकानातून उचलून आणला मी, रेडिओखालून. गेला हे तुम्हाला कळलं तरी होतं का? मध्यंतरी माझ्या धाकटीच्या घरी गेले, तर तिचा नवरा डोक्याला हात लावून बसलेला. म्हणाला, 'वहिनी, आवाज घुमतो, काय करू?' मी म्हटलं, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या आल्या की थांबतो. लोकर घालून बघ. घरी येऊन स्वेटर बेतला, शिवला, पाठवून दिला. आवाज ऐकला मात्र त्या रविवारीच, तुमच्याबरोबर. सांगणार होते वाटेत. तुमचं तोंड बघितलं आणि राहिलं."

"मग मला का नाही सांगितलंस? चौदा पेट्या केल्या मी! चौदाही घुमत होत्या?"

"अकरा."

"आणि तू बरं आहे म्हणत राहिलीस?"

"तुम्ही 'कसं आहे' विचारत होतात," ती शांतपणे म्हणाली. "त्यानं 'काय करू' विचारलं."

टकटके खाली बसले. साडूचा त्यांना अजूनही हेवा वाटत होता, उलट जास्तच; पण आता तो पेटीचा नव्हता, त्या दोन शब्दांचा होता. बराच वेळ ते स्वत:च्या गुडघ्यावर टकटक करत राहिले. मग उठले, आपल्या पेटीचे स्क्रू काढले, स्वेटर बाहेर घेतला आणि साडूच्या पेटीतला कापूस उपसून तिथं तो होता तसा, कोपऱ्यांत दुमडून, परत बसवला. चारही स्क्रू आवळून झाल्यावर, बायकोकडे न बघता, त्यांनी विचारलं,

"माझ्या पेटीला काय करू?"

तिनं मांडीवरचं विणकाम बाजूला ठेवलं, कपाट उघडलं आणि राखाडी लोकरीचे दोन गुंडे काढले. "आतलं माप सांगा. बाहेरचं नको."

त्यांनी उंची सांगितली, रुंदी सांगितली, खोली सांगितली. तिनं टाके घालायला सुरुवात केली. ते मागे हात बांधून उभे राहिले, मग राहवेना म्हणून म्हणाले, "तीच लोकर आहे ना? जाडी, टोचणारी?"

"तीच," ती मान वर न करता म्हणाली. "पेटी तक्रार करत नाही."