लातूरच्या होस्टेलात राहिलेली वही

अकरावीच्या क्लाससाठी लेकीला लातूरला सोडायचं ठरलं, तेव्हाच तिनं बजावलं, "मम्मी, या वेळी माझं एक अक्षरही ब्लॉगवर टाकायचं नाही." मागं ती गणिताच्या मार्कांवरून गच्चीवर रुसून बसली होती, ते मी लिहिलं आणि निम्मं नांदेड तिला गच्चीबद्दल विचारत बसलं. मी कबूल झाले. रस्ता, खाणं, होस्टेल, एवढंच लिहायचं. माझ्या मनातलं नेहमीसारखं वहीत, तिचं कुठंच नाही.

तर रस्ता. सकाळची एसटी, लोहा, अहमदपूर, लातूर. उजवीकडं बसा, ऊन लागत नाही. लोह्याला भजी गरम मिळाली. शेजारची प्रवासी काही खात नव्हती, पण त्याबद्दल लिहायला मला मनाई होती.

होस्टेल तिसऱ्या मजल्यावर. बाकीचे पालक मेस, वायफाय, टेस्ट विचारत होते. मी भिंती ठोकत होते.

"काय करायलात ताई?" होस्टेलच्या काकूंनी विचारलं.

"कॉलम कुठं हाय ते बघते."

"किल्लारीकडच्या का?"

"औशाच्या."

"मंग बरोबर हाय. तुमच्या वयाचे समदे हेच करतेत."

भूकंपाच्या वर्षी मी सातवीत होते. कितीतरी दिवस आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपलो. अजून मी दाराजवळच झोपते. लेकीलाही दाराजवळचीच कॉट हवी म्हणून, तिथं आधीच गादी टाकलेल्या बीडच्या पोरीशी मी हुज्जत घातली. लेक शरमेनं जिन्यात जाऊन उभी राहिली. कॉट मिळाली.

ती फॉर्म भरायला गेली तेवढ्यात मी वही काढून चार ओळी लिहिल्या. मग बाथरूमला जाऊन आले, बसची घाई झाली आणि वही तिच्या उशीखालीच राहिली.

घरी येऊन ब्लॉग टाकला. शेवट कोरडा वाटला म्हणून एक वाक्य घातलं: 'निरोपाच्या वेळी एका मुलीचे डोळे भरून आले.' नाव दिलं नाही, म्हणजे चालतंय असं मीच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन. "ब्लॉग वाचला. वहीबी वाचली."

मी पिशवी चाचपली. वही नव्हती.

"माझं रडणं जगाला, आन् तुझं उशीखाली? लई हुशार हायस. माझं ठेव ब्लॉगवर, सगळं लिही. पण तुझंबी टाक."

म्हणून हा लेख पुन्हा लिहिला. आणि काकू, तुम्ही वाचत असाल तर माफ करा. त्या दिवशी ऐन पाणीटंचाईत बाथरूमचा नळ दहा मिनिटं वाहत होता, तो तुम्ही जिला रागावलात त्या बीडच्या पोरीनं नाही, मी सोडला होता. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.