साडूच्या बोटीचा नवा फ्लोअर

बोट घेताना मी सगळं पाहिलं होतं. इंजिन चालू करून ऐकलं, बाहेरून कुठं तडा आहे का ते हात फिरवून पाहिलं, आत अंथरलेला हिरवा गालिचा चिमटीत धरून तो कुठल्या गावचा माल आहे तेही सांगितलं. फक्त तो उचलला नाही.

विकणारा माझा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. उजनीच्या पाण्याकाठी त्याची शेती. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायचं म्हणून त्यानं ती सोळा फुटी फायबरची बोट घेतली होती, मग कंटाळून गोठ्यामागं टाकून दिली. मला मात्र ती हवीच होती. भवानी पेठेत दुसऱ्याच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत मी मोठा झालो. आज अक्कलकोट रोडला माझे स्वतःचे टॉवेलचे माग आहेत. पण नुसत्या मौजेसाठी मी जन्मात काही घेतलं नव्हतं. ही बोट पहिली.

कारखान्याच्या आवारात ती टेम्पोतून उतरवली, मी ऐटीत आत पाय टाकला आणि घोट्यापर्यंत खाली गेलो. गालिच्याखालचा प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता.

उजनीकाठच्या सासुरवाडीला जेवणाच्या पंगतीत मी विषय काढला. साडू हसला. "पाव्हणं, टॉवेलवाल्यानं लोकांचं आंग पुसावं की. पाण्यात कशाला पडायचं?" सगळे हसले. माझी बायकोसुद्धा. माझं डोकं सटकलं. भाऊबीजेला सगळे इथंच जमणार आहेत, मी म्हणालो, त्या दिवशी याच बोटीतून तुम्हाला पाण्यावर नेतो की नाही बघा. "न्या की," तो म्हणाला, "मला पवता येतंय. तुमचं तुमी बघा."

दिवाळीला तीन आठवडे होते.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक फायबर मिस्त्री कूलरच्या बॉडी बनवायचा. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, बोलणं कमी. त्याला ओढतच आणलं. त्यानं बोटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मालक, फ्लोअर काय, होऊन जाईल. खालचे दांडे बघू अगोदर."

फ्लोअरखाली बोटीच्या लांबीभर तीन लाकडी दांडे असतात, वरून फायबर चढवलेले. माणसांचा भार तेच पेलतात. ते सडले असतील तर बोट भंगारात. मिस्त्रीनं ग्राइंडरनं कडेला चार बोटं सोडून जुना फ्लोअर कापला. पांढरी धूळ उडाली, अंगात शिरली, दोघंही वेड्यासारखे खाजवत सुटलो. आतून घमेली भरभरून काळा लगदा निघाला. मग त्यानं पहिल्या दांड्यात ड्रिलनं बारीक भोक पाडलं. मी वाकून बघत होतो. भुसा आला तो पिवळा, कोरडा. दुसऱ्याचाही कोरडा. तिसऱ्यात मागच्या दीड फुटात काळा चिखल आला.

"गेली?" मी विचारलं.

"दीड फुटानं कुठं बोट जाती? तेवढाच तुकडा बदलू."

त्या दिवशी मी मागावरच्या सगळ्या माणसांना भजी आणली. कारण कुणाला सांगितलं नाही.

पुठ्ठ्याचे नमुने कापून मरीन प्लाय बसवला. त्याच्या खालच्या बाजूलाही रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा फायबरचा डिंक, पाजलं. आता वरून काचेच्या धाग्याचा थर द्यायचा होता. मिस्त्रीनं सांगितलेलं मॅट आणायला मी सात रस्त्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं गुंडाळी उलगडली आणि मी चक्रावलो. नुसते तुटके धागे, कसेही पसरून चिकटवलेले. ना ताणा, ना बाणा. असला कचरा माझ्या कारखान्यात रोज झाडून निघतो. शेजारीच विणलेलं काचेचं कापड होतं, वीण घट्ट, काठ सरळ. तासभर घासाघीस करून मी ते उचललं.

मिस्त्रीनं बघितलं आणि मान हलवली. "मालक, लाकडाला लागून मॅटच पाहिजे. कापड वरती."

"मिस्त्री, तीस वर्षं झाली मला या धंद्यात. कापड मला शिकवू नका."

"हौ," तो म्हणाला. "तुमची बोट, तुमचं पाणी."

त्यानं लावलं, मी सांगितलं तसं. दिसायला देखणं झालं, अंग पुसून घ्यावं असं. मी फोटो काढून साडूला पाठवला. त्यानं उत्तरात नुसतं बदकाचं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा जरा उचललेला दिसला. नखानं धरला, तर टर्र करून हातभर पट्टी माझ्या हातात आली. खाली प्लाय कोरडाच. मी थेट मिस्त्रीच्या शेडमध्ये. "रेझिन कमी घातलंत! माल वाचवलात!" त्याची माणसं काम थांबवून बघायला लागली. तो शांतपणे कूलरच्या जाळीला पॉलिश करत राहिला.

"मालक, एक सांगा. टॉवेल घट्ट विणला तर पाणी पितो?"

मऊ धागा, सैल लूप, म्हणून आमचा टॉवेल पाणी ओढतो, हेच बोलून मी उभा जन्म माल विकला आहे.

"मॅटबी तसंच," तो म्हणाला. "सुटं सुटं असतंय, म्हणून रेझिन पितं आन् लाकडाला धरतं. तुमचं कापड चांगलंच हाय. पण खाली न्हाय."

दुकानात परत जाऊन मॅट मागताना माझी मान वर नव्हती. दुकानदार गुंडाळी मोजताना गालात हसत होता. त्या दिवशी मी भाव केला नाही.

बसवलेलं सगळं खरवडून काढायला दोन दिवस गेले. मग उजाडताच कामाला लागलो, कारण आमच्याकडच्या उन्हात हार्डनर टाकलेलं रेझिन मगातच दगड होतं. एक मग तसा गेलाही, धूर निघाला, मिस्त्री ओरडला, "फेका, फेका!" मी मातीत फेकला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढचे मग छोटे. तो ब्रशनं रेझिन लावत जायचा, मी मागून रोलर दाबत बुडबुडे काढायचो. पांढरं मॅट बघता बघता काचेसारखं आरपार व्हायचं आणि खालच्या प्लायच्या रेषा दिसायला लागायच्या. असा आनंद मला पहिला माग सुरू झाला तेव्हा झाला होता, त्यानंतर आत्ताच. मॅटचे दोन थर, त्यावर गुंडाळीतलं उरलेलं माझं कापड, वर राखाडी रंग. वाळल्यावर मिस्त्रीनं मला मधोमध उड्या मारायला लावल्या. ठक् ठक् आवाज आला, जमिनीसारखा.

भाऊबीजेला बोट पाण्यात. आधी आमची दोघांची बायकामुलं बसली, लाइफ जॅकेट घालून. साडू काठावर उभा. "आधी तुमी एक चक्कर मारून या की."

"पवता येतंय म्हणणारा कोण होता?" मी म्हटलं. त्याची बायको, आमच्या आक्का, आतून ओरडल्या, "या हो गुमान!"

तो आला. मधोमध उभा राहिला, टाच आपटली. मग दुसऱ्यांदा, जरा जोरात. फ्लोअर हलला नाही. आम्ही लांब पाण्यात गेलो. मग मी इंजिन बंद केलं.

"काय झालं?" साडू.

"काही नाही. आता सगळ्यांसमोर सांगा, फ्लोअर सडलाय हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं?"

"आधी काठाला चला, मग बोलू."

"इथंच. मला घाई नाही."

वारा नव्हता. बोट जागच्या जागी हळूच फिरत होती. आक्का त्याच्याकडं बघत होत्या. त्यानं दोनदा खाकरून घेतलं.

"व्हय," तो शेवटी म्हणाला. "ठावं हुतं."

आक्कांनी त्याच्या दंडावर असा एक फटका हाणला की पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी इंजिनाची दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात सुरू झालं, आणि त्या आवाजात मी मोठ्यानं हसून घेतलं.