घोडी परत आली का?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी नेरूळला आमच्या हॉलमध्ये एक भलतंच नाटक झालं. आता हसू येतं, पण तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता...

आधी बाबांबद्दल सांगते. माझे बाबा बत्तीस वर्षं रेसच्या तबेल्यात साईस होते. घोड्याला खरारा करायचा, चंदी घालायची आणि रेसच्या दिवशी त्याला मैदानाच्या फाटकापर्यंत नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन ते गावी गेले. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं.

पण सात महिन्यांत माणूस गप्प गप्प होत गेला. "बाय, मला हितं काय काम हाय?" हे एकच पालुपद. त्या आठवड्यात तर बॅग भरून दाराशी ठेवली, सोमवारी गावी जातो म्हणून. गुडघे गेलेला माणूस बंद घरात एकटा कसा राहणार?

त्यात आमचं रोजचं भांडण. महापेच्या ऑफिसातून घरी यायला मला रात्रीचे साडेआठ होतात. बाबांना शुगरची गोळी आहे, वेळेवर जेवायला हवं, नवरा गरम वाढूनही देतो. पण बाबा मी येईपर्यंत ताटाला हात लावणार नाहीत, बाल्कनीत उभे! मी येऊन चिडायचे, ते मुकाट जेवायला बसायचे. हट्टी म्हातारा, दुसरं काय... असंच मला वाटायचं.

तर ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नादाने मी फोनवर घोड्यांच्या रेसचं बेटिंग अ‍ॅप घेतलं होतं. नाव गोड वाटलं की त्या घोड्यावर पैसे, ही माझी अक्कल. दोनदा तोंडावर आपटलेसुद्धा. बाबांना सांगायची मात्र हिंमत नव्हती. या नादात लोकांची घरं बसलेली त्यांनी पाहिली होती, लहानपणी मला पत्त्यांनाही हात लावू दिला नव्हता.

पण त्या रविवारी घरातली शांतता खायला उठली होती. म्हटलं, शिव्या घालतील तर घालू देत, निदान बोलतील तरी! फोन टीव्हीला जोडला आणि रेस लावली.

बाबा खुर्चीत ताठ झाले. शिव्या नाहीत, काही नाहीत! रेसआधी घोडे गोल फिरवत होते आणि हे एकेकाची कुंडली मांडायला लागले... हा बिथरलाय, त्याला आत्ताच घाम फुटलाय, तो पलीकडचा नुसता दिसायला देखणा. मग चार नंबरची तपकिरी घोडी आली. "हिची चाल बघ. पोटभर खाऊन शांत झोपलेली हाय." मी गुपचूप तिच्यावर पन्नास रुपये लावले.

आणि आली ना घोडी पहिली! मी सोफ्यावरून उडीच मारली. नवरा लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून धावत आला. बाबा मात्र पुढे झुकून टीव्हीकडे बघत होते... तेवढ्यात चित्र गेलं आणि 'अभिनंदन' चमकायला लागलं.

"घोडी परत आली का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, जिंकली ती!"

"ते बघितलं मी. शेवटाला डावा पाय टाकताना कचरत व्हती. परत आली का?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं... लोकांची रेस जिंकायच्या खांबाशी संपते, साईसची नाही. तो दोर घेऊन फाटकाशी उभा. पहिला येवो नाहीतर शेवटचा, घोडा चार पायांवर चालत परत आला, की रेस संपली. मग त्याला फिरवायचं, घाम पुसायचा, पाणी दाखवायचं. आणि त्यानंतरच आपल्या तोंडात घास.

बाबांनी चहासुद्धा बाजूला सारला. मी अ‍ॅपच्या हेल्पलाइनला फोन लावला. बिचारी मुलगी म्हणते, मॅडम, तुमचे पैसे जमा झालेत. म्हटलं, पैसे गेले खड्ड्यात, घोडी परत आली का ते सांगा! ती म्हणाली, मॅडम, आमच्याकडे तसं ऑप्शन नाही.

शेवटी बाबांनी दाराशी ठेवलेली बॅग उघडली आणि तळातून जुनी डायरी काढली. तबेल्यातले त्यांचे जोडीदार इस्माईलचाचा, अलिबागकडचे, अजून कामावर आहेत. रिटायर झाल्यापासून बाबांनी त्यांना एकदाही फोन केला नव्हता. आता आपल्याला कोण विचारतंय, असं वाटायचं म्हणे.

बाबांनी नंबर लावला. चाचा मैदानावरच होते, त्यांनी तिथल्या तिथे चौकशी करून सांगितलं. नाल सैल झाला होता, बाकी घोडी मजेत आहे, चालत परत आली. बाबांनी डोळे पुसले, चहा मागितला... आणि मग तासभर फोन सोडला नाही!

सोमवारी बाबा गेले नाहीत. मीही विचारलं नाही, उगाच दृष्ट लागायची. आता रेसच्या दिवशी हे इकडे, चाचा तिकडे, दोघांची कॉमेंट्री चालू. माझं बेटिंग मात्र बंद. बाबांनी कान पकडून शपथ घ्यायला लावली, अ‍ॅप फक्त बघण्यापुरतं.

काल महापेला मीटिंग लांबली, घरी यायला नऊ वाजले. दारात चपला काढत होते, तर आतून बाबांचा आवाज आला. चाचांशी बोलत होते.

"चल, ठेवतो. पोरगी परत आली. आता जेवतो."

मी चपला हातात धरून तशीच उभी राहिले. सात महिने मी याच गोष्टीवरून या माणसाशी भांडत होते.

आणि हा माणूस मला म्हणत होता, मला हितं काय काम हाय!