डाव्या नळीतली चिंधी

डाव्या चाकाकडे हवा नेणाऱ्या नळीत चिंधी होती. मीच कोंबलेली. हे आजवर मी कोणाला बोललेलो नाही, बायकोलाही नाही. गॅरेजात दिवसभर तोंड चालूच असतं, पण गोष्ट त्या गाडीवर आली की मी उठतो आणि उगाच कुठलातरी पाना शोधू लागतो.

माझं गॅरेज चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात. निम्मं काम गाड्यांचं, निम्मं राइस मिलच्या ब्लोअरचं आणि पट्ट्यांचं. धान निघालं की इथली हवा तुसाने भरून जाते. चहात तूस, कानात तूस. त्यामुळे उघडं तोंड दिसलं की बांधायचं, ही इथल्या माणसाची सवय. माठ असो, डिझेलचा कॅन असो, की खोललेलं इंजिन. हात आपोआप चिंधी शोधतो.

माझा मावसभाऊ चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचा. निसरड्या उतारावरून ते धूड तो असं खाली आणायचा की शेजारी बसलेल्याला झोप यावी. गिअरवर गाडी धरायची, ब्रेकला हात जोडायचे, हा त्याचा धर्म. म्हणायचा, "ब्रेक तापवणारा ड्रायव्हर अन् भात करपवणारा आचारी, दोघायले पंगतीत येऊ देऊ नये."

आम्ही दोघांनी मिळून एक जुनी गाडी शर्यतीसाठी तयार केली. चालवणार तो, दुरुस्ती माझी. सीट काढल्या, काचा हलक्या केल्या, आत लोखंडी पिंजरा बसवला. खरी काळजी ब्रेकची होती. रस्त्यावर ब्रेकला उसंत मिळते, ट्रॅकवर मिळत नाही. वळण आलं की पूर्ण जोराने दाबायचा, लगेच पुढचं वळण. चाकामागची ब्रेकची चकती लाल होते, ब्रेक ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात. मग पाय दाबतो तो बुडबुड्यांना, चाकाला काही पोचत नाही. म्हणून बंपरला दोन भोकं पाडून मी मिलच्या जुन्या ब्लोअरच्या नळ्या दोन्ही चाकांपर्यंत नेल्या, थेट चकतीच्या पोकळीत. समोरची गार हवा आत जाणार, ताप बाहेर फेकणार. त्या नळ्यांचा मला फार गर्व होता. अजून बोलताना जाणवतो, लाज वाटते.

गाडी ट्रकवर चढवून आम्ही दक्षिणेतल्या एका ट्रॅकला निघालो तेव्हा मिली जोरात चालू होत्या. मी दोन्ही नळ्यांच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. बायकोच्या जुन्या हिरव्या साडीच्या.

तिथे पोचल्यावर उजवीकडची काढली. तेवढ्यात शेजारच्या गाडीचा मेकॅनिक आला, नळीकडे बोट दाखवून म्हणाला, "ये कहाँ से लाए, भाई?" मी सुरू झालो. राइस मिल, ब्लोअर, आमची अक्कल. डावीकडची चिंधी प्रवासात आत सरकली होती, वरून दिसत नव्हती. मला आठवलीच नाही.

पहिल्या फेऱ्या मारून भाऊ आला. शेवटची फेरी त्याने सावकाश काढली होती, ब्रेक निवावेत म्हणून. थांबल्यावर हँडब्रेकही ओढला नाही. तापलेली चकती दाबून ठेवली तर वाकडी होते, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. हेल्मेट काढून म्हणाला, "भाऊ, ब्रेक मारला का उजवीकडे ओढून राह्यली गाडी. डाव्या बाजूले पाह्य ना जरा."

मी खुर्चीत होतो. हातात चहा होता. "काऊन बे, डंपर समजून राह्यला का? पाय हलका ठेव."

आजूबाजूचे हसले. तोही हसला. "बरं बापा. पाय इथीच ठेवून जातो."

गाडी उजवीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक धरत नाही. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. बॉनेटला वळसा घालून जायचं होतं, बस. मी उठलो नाही.

तो परत ट्रॅकवर गेला. सरळ पट्टा संपतो तिथे ब्रेकवरचा त्याचा पाय तळाला गेला. गाडी वळलीच नाही. रेतीतून घसरत टायरांच्या भिंतीवर आदळली. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. त्याला नेलं, आणि मी गाडीपाशी एकटा राहिलो. करपट वास येत होता. उजवीकडे कमी, डावीकडे डोळ्यांत झोंबणारा. डाव्या नळीत हात घातला तर बोटांना कापड लागलं. काढून खिशात कोंबलं. ट्रॅकच्या साहेबाने कारण विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "ड्रायव्हर ने ब्रेक ज़्यादा गरम कर दिए. ठंडा नहीं किया."

एवढंच. त्यानंतर काही जोडायची गरज पडली नाही.

दवाखान्यात त्याने मला विचारलं, "मी हळू आणली होती ना भाऊ गाडी, शेवटच्या चकरेले?" मी त्याची उशी सारखी केली. म्हटलं, "होते असं कधी कधी."

बातमी आमच्याआधी खाणीत पोचली. तो दिसला की तिथले ओरडायचे, "बाजूले व्हा रे, ब्रेक-फेल आला." तो हसून सोडायचा. हाड जुळलं, पण डंपरवर तो परत चढला नाही. स्वतः मागून खाणीच्या वजनकाट्यावर काम घेतलं. आता दुसऱ्यांचे डंपर वजनाला येतात, तो चिठ्ठी फाडतो. मूलला येतो तो एसटीने.

गेल्या रविवारी आला तो मुलीला घेऊन. तिला चामोर्शीला नोकरी लागली आहे, स्वतः गाडी चालवत जायचं म्हणते. तो म्हणाला, "तूच शिकव इले भाऊ. माह्या पायाचा भरोसा नाई."

मी तिला गॅरेजातल्या एका गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तिने विचारलं, "मोठेबाबा, उतारावर ब्रेक किती दाबायचा?"

"तुया बापाले विचार," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. "त्याच्यासारखा पाय या जिल्ह्यात कोणाचा नाई."

तो हळूच म्हणाला, "काऊन मस्करी करून राह्यला भाऊ. पोरीसमोर तरी नको."

तेव्हाच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. मी उठलो आणि पाना शोधू लागलो. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. गिऱ्हाइकाची गाडी आली की काम काहीही असो, आधी वाकून तिच्या हवेच्या तोंडात हात घालतो.

त्याचा पाय चांगला होता. त्याने गाडी निववली होती, आणि कुठे बिघडलं आहे हेही वेळेवर सांगितलं होतं. चिंधी माझी होती. हे त्याला, त्याच्या मुलीसमोर आणि काट्यावरच्या त्या सगळ्यांसमोर सांगणं माझ्याकडे बाकी आहे.