खाली चालवलेलं मशीन

सुशीलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका खुर्चीचा वास घेत होत्या.

चंदीगडला सेक्टर १७ मधल्या बँकेत आम्ही पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभे होतो. कोपऱ्यात वेताच्या पाठीची एक जुनी खुर्ची होती. सुती साडी, त्यावर मुलाचा असावा असा ढगळ स्वेटर आणि मोजे घालून वर चपला, अशा वेषातल्या एका बाईंनी ती खुर्ची उलटी केली, पायाला नखाने खरवडलं आणि नाक लावलं.

"सागवानच हाय," त्या स्वतःशी म्हणाल्या. "उगंच काळा रंग फासलाय मेल्यांनी."

रखवालदार पुढे आला. "माताजी, कुर्सी बैठने के लिए है."

"बसतो की," त्या सरळ मराठीत म्हणाल्या. "आधी वळख तर होऊ दे."

मी माझा नंबर सोडून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. बाईमाणसाच्या तोंडचं 'बसतो' ऐकूनच मी विचारलं, "कोल्हापूरकडच्या का?" त्यांनी माझा हात धरला तो रांग संपेपर्यंत सोडला नाही. त्या आजऱ्याच्या होत्या. तिकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. माझी सगळी नोकरी चंदीगडच्या शाळेत पोरांचं व्याकरण दुरुस्त करण्यात गेली, पण सुशीलाबाईंचं वाक्य दुरुस्त करावं असं मला कधी वाटलं नाही.

त्यांचा मुलगा अनिकेत मोहालीत एका आयटी कंपनीत आहे. नवरा गेल्यावर त्या आजऱ्याच्या घरात एकट्याच राहत. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि दूधवाला येईपर्यंत तशाच पडून होत्या. त्यानंतर दिवाळीत अनिकेत त्यांना इकडे घेऊन आला, तो कायमचं म्हणूनच. त्यांच्या मनात मात्र संक्रांतीला परत जायचं होतं.

"पोरगा चांगला हाय, सून त्याच्याहून चांगली," त्या मला म्हणाल्या. "पर मला पाहुणी करून ठिवलंय ओ बाई. भांड्याला बाई, केराला बाई. मी दिवसभर बाल्कनीत बसून लोकांच्या गाड्या मोजतो. रिकामं बसून माणूस मरतं."

त्यांच्या वडिलांची लाकडाची वखार होती. तिथे फळ्या तासायचं मोठं यंत्र होतं, आणि लहानपणी त्या त्याच्या आवाजावरून आत सागवान चाललंय की आंबा ते ओळखायच्या. पण हात लावायची मुभा नव्हती. "पदर अडकंल," एवढं एकच कारण वडील सांगत. पुढे वखार भावाकडे गेली आणि भावाने ती विकली.

आमची ओळख वाढल्यावर एका रविवारी अनिकेत आम्हा दोघींना घेऊन डेराबस्सीला गेला. त्याला नव्या घरासाठी दारं बघायची होती. दारांच्या दुकानाशेजारी खोकी बनवणारा एक बंद पडलेला कारखाना होता, आणि त्याच्या आवारात, एरंडाच्या झुडपांत, एक यंत्र उभं होतं: कपाटाएवढं, सगळं ओतीव लोखंडाचं, गंजाखाली कुठेकुठे हिरवा रंग. त्याच्या पोटात एक लोखंडी टेबल असतं, ते बाजूच्या चाकाने वर-खाली होतं. टेबलावरून फळी आत सारायची, वरच्या फिरत्या पात्यांनी ती तासली जाते आणि पलीकडून एकसारख्या जाडीची, गुळगुळीत होऊन बाहेर येते. हे सगळं मला तिथे उभ्याउभ्या सुशीलाबाईंनी सांगितलं. सांगताना एक हात यंत्रावर होता.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "आमच्या वखारीत अस्संच होतं."

"आई, लोक भंगारातून फार तर सायकल आणतात," अनिकेत म्हणाला. "हे तिसऱ्या मजल्यावर कुठे ठेवू? हॉलमध्ये? टीव्हीच्या जागी?"

"टीव्ही कोण बघतंय?"

मोटार विकल्यापासून माझं गॅरेज मोकळंच होतं. मी तसं बोलून गेले. अनिकेतने माझ्याकडे पाहिलं, वर्गात मॉनिटरनेच गोंधळ सुरू केला तर बाकीचे बघतात तसं.

परतीच्या वाटेवर सुशीलाबाईंनी गाडीतच जाहीर केलं: "ह्ये चालू झालं तर मी हितं राहतो. न्हाई झालं तर संक्रांतीला आजऱ्याला जातो. मग मला आडवायचं न्हाई."

 दुसऱ्याच दिवशी अनिकेत क्रेन शोधायला लागला.

यंत्र माझ्या गॅरेजात आलं, आणि त्याच्याबरोबर गुरमेलसिंग मिस्त्री आले. पांढरी दाढी, खिशात कायम गूळ-शेंगदाणे. सुशीलाबाईंना ते 'बीजी' म्हणायचे, म्हणजे आई. त्यांचं हिंदी पंजाबीत बुडवलेलं आणि ह्यांचं आजऱ्याच्या मातीतलं. तरी दोघांचं तासन्‌तास चालायचं. ते मोटार, पट्टे आणि पाती बघत, त्या पॉलिश पेपरने गंज घासत बसत. पहिल्याच आठवड्यात साडीचा पदर तेलात बुडाला. दुसऱ्या दिवशी सूनबाई पूर्वीने कपाटातला पंजाबी सूट काढून दिला आणि सुशीलाबाई तो मुकाट्याने घालून आल्या. ओढणी मात्र घरीच ठेवून.

"दोन महिने ह्यांच्या पाया पडतेय मी सूट घाला म्हणून," पूर्वी मला फोनवर म्हणाली. "मशीनने एका दिवसात घालायला लावला!"

नवी पाती बसली, पट्टा न चढवता मोटार फिरवून झाली, पण टेबल काही हलेना. ते अगदी वर जाऊन अडकलं होतं. तेवढ्यात मिस्त्रींना पुतणीच्या लग्नासाठी संगरूरला जावं लागलं, आणि मी गॅरेजची किल्ली सुशीलाबाईंकडे देऊन बहिणीकडे अंबाल्याला गेले. संक्रांत जवळ आली होती. अनिकेतचा मला अंबाल्याला फोन आला.

"काकू, खरं सांगा. चालेल ना ते?"

"तू तर म्हणत होतास भंगार आहे."

"तेव्हा आईची अट कुठे माहीत होती? तिने काल बॅग खाली काढली. नुसतीच उघडून ठेवलीय. मला काही म्हणत नाही, फक्त उघडून ठेवलीय."

मी परत आले तेव्हा गॅरेजात रॉकेलचा वास भरला होता. जमिनीवर पोत्यावर सुशीलाबाई बसल्या होत्या, सूटच्या बाह्या कोपराच्या वर, गालावर काळा फराटा. टेबल चक्क तळाला गेलं होतं. त्याच्या पोटातून निघालेला, वर्षानुवर्षं दाबून घट्ट झालेला भुसा बादल्यांत भरून ठेवला होता आणि आतले जाड स्क्रू चकचकत होते.

"हे कसं केलंत?"

"मिस्त्रींनी फोनवर सांगितलं न्हवं? 'बीजी, पहले दो दिन खाली चलाना, फिर लकड़ी डालना.' लई जड गेलं बघा. रॉकेल सोडायचं, चाक इकडं केसभर, तिकडं केसभर. पर गेलं खाली."

मी दारातच बसकण मारली. हसावं की त्यांच्या पाठीवर थाप द्यावी, कळेना. "अहो, हिंदीत खाली म्हणजे रिकामं! लाकूड न घालता मशीन नुसतं फिरवा, असं म्हणाले ते. टेबल खाली न्या असं नव्हे."

सुशीलाबाईंनी हातातलं फडकं बादलीवर ठेवलं. 

"रिकामं फिरवायचं? ते वो कशाला?"

संध्याकाळी मिस्त्री लग्नाचे लाडू घेऊन आले. मी झालेला घोटाळा सांगितला तेव्हा ते पोट धरून हसले. मग वाकून आत पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. टेबल वर अडकलेलं होतं ना, तसंच चालवलं असतं तर नवी पाती थेट त्या लोखंडावर आदळली असती. "मेरे दिमाग से ही निकल गया, बीजी," ते कान पकडून म्हणाले. "वाहेगुरूने तुहानूं मराठी बनाया, चंगा कीता." म्हणजे देवाने तुम्हाला मराठी केलं ते बरं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी टेबल हवं तेवढं वर घेऊन मशीन दोन दिवस खाली चालवलं, म्हणजे त्यांच्या अर्थाने खाली. भोगीच्या दिवशी सगळे गॅरेजात जमलो आणि मिस्त्रींनी मशीन सुरू केलं. आमच्या शेजारीणबाई आवाज ऐकून तक्रारीला आल्या त्या तिथेच भिंतीला टेकून बघत राहिल्या. अनिकेतने डेराबस्सीहून आणलेली सागवानी फळी आईच्या हातात दिली. सुशीलाबाईंनी तिला नाक लावलं, मग मशीनला नमस्कार केला आणि फळी आत सारली. आवाज एकदम जाड झाला. त्यांनी डोळे मिटले. पलीकडून फळी मधाच्या रंगाची होऊन बाहेर आली. अनिकेतने ती पकडली आणि कुणाला दाखवायच्या आधी स्वतःच तिच्यावरून हात फिरवत राहिला.

"आई," त्याने विचारलं, "बॅग?"

"ठिव वर," त्या म्हणाल्या. "आनि दुसरी फळी दे."

त्या फळीचे दोन पाट झाले. एक माझ्याकडे आहे. आता सुशीलाबाई रोज सकाळी मोहालीहून बसने येतात आणि दुपारी शेजारीणबाईंच्या झोपेच्या वेळेआधी मशीन बंद करतात. आजऱ्याचं घर त्यांनी पोस्टात नोकरी करणाऱ्या एका जोडप्याला भाड्याने दिलं आहे.